चिखलावरचे चार हजार

माझी आत्या कुणाचं काही विसरत नाही. ती चौथीत असताना माझ्या बाबांनी तिची पाटी फोडली होती. बाबा आता छप्पन्न वर्षांचे आहेत, गुडघे धरून जिना चढतात, तरी ते दारात आले की आत्या म्हणते, "ये रे, पाटीफोड्या." बाबा हसतात. आत्या हसत नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे घडलं ते काही तिच्या स्वभावाविरुद्ध नव्हतं.

आत्या एकतीस वर्षं समुद्रकाठच्या बागेत सामानघर सांभाळत होती. फाटकातून आत शिरलं की डावीकडे आठ बाय दहाची खोली. तीन भिंतींना लाकडी खण, प्रत्येकावर नंबर. लोकांच्या पिशव्या, छत्र्या, हेल्मेटं ठेवून घ्यायची, पत्र्याचा बिल्ला द्यायचा, बिल्ला परत आला की सामान परत. चौथ्या भिंतीला मोठी खिडकी होती आणि खिडकीतून समुद्र दिसायचा. ओहोटीला पाणी पार लांब जाई आणि मैलभर चिखल उघडा पडे. पावसाळा सरून हवा कोरडी झाली की त्या चिखलावर उत्तरेकडून हजारो पक्षी उतरत. चिखले, तुतवार, मुठीएवढे टिलवे. महिना-दीड महिना खाऊन-पिऊन काही पुढे जात, काही हिवाळाभर राहत.

कुणीतरी एक दुर्बीण विसरून गेलं. वर्षभर मालक आला नाही. आत्या ती कार्यालयात जमा करायला गेली तर कारकून म्हणाला, "आमच्याकडे ठेवायला जागा नाही, तुमच्याकडेच राहू द्या." तिथून सगळं सुरू झालं. पक्ष्यांची नावं तिने येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारून आणि एका बिनपुठ्ठ्याच्या पुस्तकावरून पाठ केली. मोजायची पद्धत मात्र तिची स्वतःची. आधी दहा पक्षी मोजायचे, दहाचा थवा केवढा दिसतो ते डोळ्यांत बसवायचं, मग ते माप पुढे पुढे सरकवत न्यायचं. शंभर झाले की साडीवरच्या एप्रनच्या उजव्या खिशातलं एक बटण डाव्या खिशात. बटणंही लोकांच्या कोटांची गळून पडलेली. मी पाणीपुरवठा केंद्रात दाबमापकं तपासते, मोजमापाच्या चुकांवर माझं पोट आहे. एकदा मी तिने मोजलेल्या थव्याचा फोटो काढला आणि घरी संगणकावर एकेक पक्षी टिंब देऊन मोजला. आत्याचा आकडा सहाशे चाळीस, माझा सहाशे एकावन्न. तिला सांगितलं तर म्हणाली, "अकरा तुझे जास्तीचे. दगड मोजले असशील." परत पाहिलं. नऊ दगड होते.

ओहोटीला ती चिखलावरचे पक्षी मोजायची. भरती आली की चिखल बुडतो आणि सगळे पक्षी उठून बागेच्या मागच्या पडीक मिठागराच्या बांधांवर जाऊन बसतात. जेवणाच्या सुट्टीत ती तिथे जाऊन पुन्हा मोजायची. म्हणजे वहीत दोन आकडे, पण पक्षी तेच. दुसरा आकडा पहिल्याचा पडताळा. समासात पेन्सिलीने भरती-ओहोटीची वेळ आणि खाली एक शब्द, "तेच". हा शब्द कळला नाही तर ती वही कळली नाही.

आता टोपीवाले.

बागेत एक पक्षीमित्र मंडळ होतं आणि त्याचे अध्यक्ष हे टोपीवाले. निवृत्त प्राध्यापक. टोपीवर सात-आठ संमेलनांचे बिल्ले लावलेले, म्हणून आत्याने ठेवलेलं नाव. माणूस बोलायला गोड, पुस्तकं भरपूर वाचलेली. पण चिखलापाशी सहा तास उभं राहणं त्यांच्या पाठीला मानवत नव्हतं. ते दहाला येत, चहा घेत, फोटो काढत, बाराला जात.

अकरा वर्षांपूर्वी आत्याला टिलव्यांच्या गर्दीत एक पक्षी वेगळा दिसला. चोचीचं टोक चमच्यासारखं पसरट. असे पक्षी उभ्या जगात काही शेकडेच उरले आहेत, हे तिला त्या बिनपुठ्ठ्याच्या पुस्तकातून ठाऊक होतं. ती धावत टोपीवाल्यांकडे गेली. त्यांनी दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चोचीला चिखल लागलाय, बाई. साधा टिलवा आहे." भोवतीची मंडळी हसली. वर ते म्हणाले, "तुम्ही पिशव्या मोजा, पक्ष्यांचं आम्ही बघतो."

दोन महिन्यांनी मंडळाची वार्षिक पुस्तिका आली. मुखपृष्ठावर चमच्या चोचीचा तोच पक्षी. फोटो टोपीवाल्यांचा, शोधही टोपीवाल्यांचा. आत एक ओळ होती: 'बागेतील एका कर्मचारी महिलेने हा पक्षी साधा टिलवा समजून दाखवला होता, खरी ओळख प्रस्तुत लेखकाने पटवली.'

ती ओळ आत्याने मला वाचायला लावली. मी तेव्हा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. मी म्हटलं, "जाऊन भांड ना त्यांच्याशी!"

"भांडून काय होतं? तो माफी मागेल. मग मला माफ करावं लागेल."

असा तिचा हिशोब. डूख धरणं काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. तिने आवाज चढवला नाही, वही बंद केली नाही. उलट टोपीवाल्यांनी दुसऱ्या वर्षी गोड बोलून विचारलं, "बाई, तुमचे आकडे देता का, मंडळाच्या पाहणीला लागतात," तेव्हा ती "देते की" म्हणाली. सारा किनारा मोजणारी एक मोठी पाहणी होती, तिला दर वर्षी या बागेचा आकडा जायचा. आत्या दोन्ही आकडे ताडून एका चिठ्ठीवर एकच पक्का आकडा लिहून द्यायची. टोपीवाले खाली सही करायचे: 'गणना – स्वतः'. अशी दहा वर्षं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं.

"तू देतेस कशाला?" मी दर वर्षी विचारायची.

"सवय लागू दे त्याला," आत्या म्हणायची.

मला वाटायचं ती नुसतं बोलते आहे. यंदा कळलं.

यंदा आत्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती. मोसम संपला की निवृत्ती. आणि यंदाच मंडळाने मिठागराच्या काठी लाकडी निरीक्षणगृह बांधलं. त्यावर टोपीवाल्यांचं नाव लागणार होतं, 'या किनाऱ्यावरील पक्षीगणनेचे जनक' अशा शब्दांसकट. पितळी पाटी सामानघरातच आणून ठेवली होती, खण क्रमांक चोपन्न. टोपीवाले सांगायला आले तेव्हा मी तिथेच डबा खात बसले होते.

"बाई, उद्घाटनाला पन्नास-साठ पाहुणे येतील. छत्र्या-पिशव्या नीट सांभाळा बरं का. तुमच्या शेवटच्या मोसमात एवढा मोठा सोहळा, नशीब लागतं!"

"लागतं ना," आत्या म्हणाली.

"आणि आकड्याची चिठ्ठी?"

"यंदा चिठ्ठी करायला वेळ नाही हो. नव्या माणसाला काम शिकवायचंय. वहीचीच पानं फोटो काढून घ्या. सगळं आहे त्यात."

टोपीवाल्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! मूळ वही! मी बघतो, मी बघतो."

ते गेल्यावर मी वही ओढली. गणनेच्या दिवसाची दोन पानं. चिखल: चार हजार तीनशे साठ. मिठागर: चार हजार तीनशे वीस. खाली तारीख. समास कोरा.

माझा घास हातातच राहिला. आमच्या केंद्रात वेळ न लिहिता रीडिंग दिलं तर साहेब कागद तोंडावर फेकतात. "आत्या, भरतीची वेळ कुठे आहे? 'तेच' कुठे आहे?"

तिने पदराआडून खिशातली छोटी डायरी काढून दाखवली. तिथे सगळं होतं. ओहोटी साडेसहा, भरती बारा चाळीस, तेच. मग डायरी परत खिशात गेली.

"हे खोटं आहे."

"एक अक्षर खोटं दाखव त्या वहीत."

दाखवता येईना. दोन्ही आकडे बिनचूक होते.

"दहा वर्षं त्याला शिजवून वाढलं," आत्या म्हणाली. "यंदा कच्चं दिलं. ज्याला चुलीपाशी उभं राहायची सवय आहे तो शिजवून घेईल. ज्याने एकदा जरी ओहोटी ते भरती तिथे बसून पाहिलंय त्याला वही न बघताही कळेल की हे तेच पक्षी. त्याला कळलं तर मी हरले. मी गप्प बसेन, पेढे खाईन."

"आणि नाही कळलं तर?"

"तू मध्ये बोलायचं नाहीस. शपथ घे."

मी शपथ घेतली. मला भीती वाटत होती आणि, खरं सांगते, मजाही वाटत होती.

टोपीवाल्यांनी बेरीज केली. आठ हजार सहाशे ऐंशी. दर वर्षीच्या दुप्पट. त्यांना शंका यायला हवी होती, पण स्वतःच्या नावाची पितळी पाटी लागायच्या वर्षी आकडा दुप्पट झाला तर माणूस शंका घेत नाही, पाठ थोपटून घेतो. त्यांनी अहवाल पाठवला, खाली 'गणना – स्वतः, दोन्ही ठिकाणी उभे राहून'. हे शेवटचे शब्द त्यांनी आपणहून घातले होते.

दुप्पट आकडा पाहून पाहणीच्या प्रमुख बाईंनी कळवलं, मी स्वतः येते. टोपीवाले हवेतच गेले. उद्घाटन प्रमुख बाईंच्याच हातून करायचं ठरलं, गणनेनंतर बरोबर पंधरा दिवसांनी. वेळ ठरवायला ते पुन्हा सामानघराच्या खिडकीशी आले.

"बाई, किती वाजता ठेवू? तुम्हाला ऊन-सावलीचा अंदाज असतो."

"साडेबारा ठेवा," आत्या म्हणाली. "निरीक्षणगृहाची सावली तेव्हा चांगली पडते. शिवाय पाहुण्यांना यायला बरं."

पंधरा दिवसांनी भरती जवळपास त्याच वेळेला येते. चंद्राचं गणित आहे ते, किनाऱ्यावर भाजी विकणाऱ्या बाईलाही ठाऊक. टोपीवाले म्हणाले, "साडेबारा! उत्तम."

त्या दिवशी मी रजा टाकून गेले. आत्या सामानघरातच होती, खणांतून पिशव्या लावत. मला म्हणाली, "तू जा. नीट बघ. नंतर मला एकही शब्द न गाळता सांगायचंय."

निरीक्षणगृहात दाटी झाली होती. प्रमुख बाई पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट. त्यांच्याकडे बघूनच कळत होतं की या बाई दहाला येऊन बाराला जाणाऱ्यांतल्या नाहीत. टोपीवाल्यांचं भाषण झालं, आकडा सांगितला, टाळ्या पडल्या. प्रमुख बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दुर्बिणीतून मिठागराचे बांध पाहत होत्या. बांध पक्ष्यांनी राखाडी झाले होते. त्या दहा मिनिटं ओठ हलवत मोजत होत्या.

"हे साधारण सव्वाचार हजार आहेत," त्या म्हणाल्या. "बाकीचे?"

"बाकीचे चिखलावर," टोपीवाले लगेच म्हणाले. "समोरच्या बाजूला. चला, दाखवतो!"

सगळा लवाजमा त्यांच्यामागून बागेच्या भिंतीपाशी आला. टोपीवाल्यांनी समुद्राकडे हात केला आणि तो हात तसाच राहिला. समोर चिखल नव्हताच. पाणी भिंतीला लागलं होतं, लाटांचे तुषार पायरीवर उडत होते. पाण्यावर एक पांढरा कुरव पक्षी तरंगत होता. एकच.

मागून कुणीतरी म्हणालं, "चार हजार बुडाले वाटतं!" आणि मंडळातली तरणी पोरं फिसकन हसली. हसू एकदा फुटलं की आवरत नाही.

"भरती किती वाजता आहे आज?" प्रमुख बाईंनी विचारलं.

टोपीवाल्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आज जरा... वाऱ्यामुळे पाणी जास्त आहे."

"गणनेच्या दिवशी किती वाजता होती?"

टोपीवाल्यांनी मंडळाच्या पोरांकडे पाहिलं.

"तुम्ही अहवालात लिहिलंय की दोन्ही ठिकाणी तुम्ही स्वतः उभे होतात. चिखलावर किती वाजता होतात? मिठागरावर किती वाजता?"

तेव्हा टोपीवाल्यांच्या तोंडून ते निघालं. अकरा वर्षांत जे कधी निघालं नव्हतं ते. "मॅडम, आकडे खरं तर माझे नाहीत. त्या सामानघरातल्या बाई मोजतात. त्यांचीच चूक असणार. दर वर्षी त्याच देतात."

नाचता येईना, अंगण वाकडं. पण या वेळी अंगणाचं नाव साठ लोकांसमोर घेतलं गेलं.

मी धावत जाऊन आत्याला बोलावून आणलं. ती हातातला बिल्ला नीट खिळ्याला अडकवून आली, जराही घाई न करता. प्रमुख बाईंनी विचारलं, "दर वर्षी तुम्ही मोजता?"

"हो. एकवीस वर्षं."

"यंदा दोन्ही ठिकाणी मोजलंत?"

"हो. पक्षी तेच."

"मग बेरीज?"

"बेरीज मी केली नाही."

आत्याने डायरी पुढे केली. प्रमुख बाईंनी ती वाचली, मग वही मागवून तीही पाहिली, यंदाचं पान, मग मागच्या वर्षांची पानं. दर वर्षी समासात पेन्सिल, यंदा समास कोरा. त्यांनी मान वर करून आत्याकडे पाहिलं. त्या बाईंना सगळं समजलं होतं, मला शंका नाही.

त्या एवढंच म्हणाल्या, "यंदा वहीत वेळ का नाही लिहिली?"

"वाचणारं कोणी नव्हतं," आत्या म्हणाली.

टोपीवाले काहीतरी बोलायला लागले, पण कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. चोपन्न नंबरच्या खणातली पाटी त्या दिवशी बाहेर निघालीच नाही. पुढच्या आठवड्यात टोपीवाल्यांनी प्रकृतीचं कारण देऊन अध्यक्षपद सोडलं.

मला वाटलं आत्या आता हसेल. पण प्रमुख बाई निघताना पुन्हा सामानघराशी आल्या. त्या रागावलेल्या होत्या आणि त्यांचा राग टोपीवाल्यांवर नव्हता.

"पाहणीतले गेल्या दहा वर्षांचे आकडे मी तुमच्या नावावर फिरवून घेईन, ते तुमचेच आहेत," त्या म्हणाल्या. "पण यंदाचा आकडा पाहणीत घेता येणार नाही. ज्या वर्षी वही मुद्दाम अर्धी ठेवली त्या वर्षावर मी भरवसा कसा ठेवू? डायरी खरी असेल. पण ती तुम्ही खिशात दडवून ठेवलीत. या बागेपुढे यंदा रेघ पडेल."

आत्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. हा तिचा शेवटचा मोसम होता. पायांना सूज असताना ती सहा तास उभी राहिली होती, त्रेचाळीस बटणं या खिशातून त्या खिशात गेली होती, आणि कागदावर त्या जागी एक आडवी रेघ. हे तिने हिशोबात धरलेलंच नव्हतं. ज्याच्यासाठी खड्डा खणला त्याच्या बाजूला स्वतःचाही एक पाय गेला होता.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वर्षाचं वाटतंय," ती म्हणाली. मग पायावर गरम पाण्याची पिशवी ठेवून डोळे मिटले. "माझं एक वर्ष गेलं. त्याची अकरा गेली. चालेल."

"त्यांच्याबद्दल काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. अजून चार-पाच वर्षं जगावा. ठणठणीत." ते ती ज्या आवाजात म्हणाली त्यात आशीर्वाद नव्हता.

मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर पहाटे भिंतीपाशी गेले. ओहोटी होती, चिखल उघडा होता, वारा बोचरा. टोपीवाले आधीच येऊन बसले होते. एकटे. डोक्यावर साधी लोकरी टोपी, मांडीवर दुर्बीण. किती पहाटे उठले होते देव जाणे. आम्हाला पाहून ते उभे राहिले आणि एकदम आत्याला 'नमस्कार, ताई' म्हणाले. बाई नव्हे, ताई.

आत्याने मान हलवली आणि मोजायला सुरुवात केली.

बराच वेळ गेला. ते चाचरत जवळ आले. "ताई, त्या डबक्याच्या काठाशी, टिलव्यांच्या उजवीकडे, एक जरा वेगळा दिसतोय. चोच थोडी खाली वळलेली. मी पुस्तकात पाहिलं, पण ठरत नाहीये. तो कोणता असेल?"

आत्याने दुर्बीण फिरवली. तिला तो लगेच सापडला, लगेच ओळखूही आला. मी तिच्या शेजारी होते, तिचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. चांगला पक्षी होता. तिने मला नंतर घरी त्याचं नाव सांगितलं, सहा वर्षांत पहिल्यांदा आला होता म्हणे. टोपीवाले तिच्या तोंडाकडे बघत उभे होते, शाळेतल्या मुलासारखे.

"बघा ना नीट," आत्या म्हणाली. "भरतीला अजून चार तास आहेत."

आणि उजव्या खिशातलं बटण डाव्या खिशात टाकून ती पुढच्या शंभराकडे वळली.